आईचा फोटो, 20 बाय 24

3 जानेवारी 2025 ला आईचा फोटो तिच्या शाळेत लागला. त्यासाठी पहिला फोन आला होता 10 नोव्हेंबरला. मधल्या जवळजवळ आठ आठवड्यांत एक प्रिंट वाया गेली, एक खोटा चेहरा तयार झाला आणि फोटो मोठा करणं म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. गेलेल्या माणसाचा एकच बरा फोटो हाताशी असतो, तोही व्हॉट्सॅपवरचा, आणि भिंतीवर लावायला मोठा हवा असतो. ही वेळ खूप घरांवर येते. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

आई वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतून 2016 साली निवृत्त झाली. त्या पिढीतल्या पुष्कळ जणांसारखी तिचीही दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून, म्हणून सेवानिवृत्ती 31 मे. मेमध्ये शाळेला सुट्टी, त्यामुळे निरोप समारंभ 30 एप्रिललाच झाला. 2024 च्या फेब्रुवारीत ती गेली. मी आणि दादाने तिच्या नावाने शाळेला पुस्तकांचं कपाट द्यायचं ठरवलं होतं. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांचा फोन आला. म्हणाले, "कपाटाच्या वर बाईंचा फोटो हवा. 20 बाय 24 चा करून आणा. सावित्रीबाईंच्या जयंतीला लावू."

मी लगेच हो म्हटलं. फोटो कोणता, तेही ठरलेलंच होतं. निरोप समारंभाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात काढलेला, हातात नारळ, चष्मा जरा खाली घसरलेला, आणि आई मनापासून हसते आहे. घरातल्या ग्रुपवर तो वर्षानुवर्षं फिरतो आहे.

आधी कागदपत्रं. शाळेला वस्तू द्यायची तर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लागतो: "ग्रंथालय कोपऱ्यासाठी कपाट व छायाचित्र भेट देणेबाबत." तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे जातो, ठराव होतो, मग वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या वहीत, नोंद होते आणि नोंदीसाठी बिलाची प्रत लागते. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. 20 नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत दोन्ही शिक्षक निवडणुकीच्या कामात अडकलेले, त्यामुळे बैठक लागली ती 30 नोव्हेंबरला. कुणाला असं काही करायचं असेल तर अर्ज लवकर द्या आणि अर्जातच फोटोचं फ्रेमसकट माप लिहा. आम्ही नुसतं 20 बाय 24 लिहिलं होतं. फ्रेम धरून ते 23 बाय 27 होतं, आणि दोन खिडक्यांच्या मधली जागा 26 इंच रुंद. थोडक्यात बसलं.

ठराव झाल्यावर मी पुण्यात एका फोटोच्या दुकानात गेले. दुकानातल्या मुलाने मोबाइलवरून फोटो घेतला, कॉम्प्युटरवर उघडला, आजूबाजूचं सगळं कापून आईला खांद्यापर्यंत घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, हा 72 डीपीआयचा आहे. मी 300 करून देतो." मला हायसं वाटलं. 650 रुपये आगाऊ दिले.

6 डिसेंबरला प्रिंट हातात आली. गुंडाळी उलगडली आणि पोटात गोळा आला. हाताच्या अंतरावरून आई दिसतच नव्हती. गालावर चौकोनी डाग, साडीचा काठ करवतीच्या दात्यांसारखा, डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहिलं तर मात्र ओळखू येत होती. दुकानदाराचं म्हणणं, फोटोच तसा आहे. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं असं की छापण्याआधी त्याने मला सांगायला हवं होतं, आणि दोन मिनिटांचा हिशोब केला असता तर त्यालाही ते दिसलं असतं.

तो हिशोब मी त्या रात्री मांडला. मोबाइलच्या गॅलरीत फोटो उघडून "डिटेल्स" पाहिलं तर फोटोचे पिक्सेल दिसतात. आमच्या फोटोत लिहिलं होतं 960 बाय 1280, आकार 118 केबी. म्हणजे रुंदीत 960 ठिपके आणि उंचीत 1280. एवढाच सगळा ऐवज. पूर्ण रुंदी 20 इंचावर पसरली तर एका इंचाला 48 ठिपके येतात. दुकानदाराने खांद्यापर्यंत कापल्यावर रुंदीत जेमतेम 400 उरले होते. 400 भागिले 20, म्हणजे इंचाला 20. एकेक ठिपका सव्वा मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसणारच.

मग 300 डीपीआय केलं म्हणजे काय केलं? तो फाइलमध्ये लिहिलेला एक आकडा असतो, "मला इंचाला इतके ठिपके या हिशोबाने छाप" अशी सूचना. आकडा बदलून ठिपके वाढत नाहीत. कणकेचा गोळा तेवढाच, लाटाल तेवढी पोळी पातळ होते आणि एका मापापुढे फाटते. सॉफ्टवेअरला ठिपके वाढवायला सांगितलं तर ते शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधला रंग काढून नवे ठिपके भरतं. त्याने कडा मऊ होतात, चौकोन जरा लपतात, पण जे कॅमेऱ्याने टिपलेलं नाही ते काही उमटत नाही.

हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला 300 ठिपके हवेत असं म्हणतात, आणि ते बरोबर आहे. भिंतीवरचा फोटो पाच फुटांवरून पाहिला तर साठेक ठिपकेही डोळ्याला पुरतात. रस्त्यावरचे फ्लेक्स त्याहून कमीवर भागवतात, कारण ते आपण पन्नास फुटांवरून बघतो. पण शाळेतली पोरं लांब उभी राहत नाहीत, ती नाक लावून बघतात. म्हणून मी मनाशी 150 हा आकडा धरला. म्हणजे 20 बाय 24 ला 3000 बाय 3600 पिक्सेल हवे होते. माझ्याकडे 960 होते.

दुसरा फोटो शोधायचा म्हणून आईच्या दुय्यम सेवापुस्तकातला पासपोर्ट फोटो काढला. 50 रुपयांत स्कॅन करून घेतला, 600 डीपीआयला. 35 बाय 45 मिलिमीटरच्या फोटोचे साधारण 830 बाय 1060 पिक्सेल झाले. 1200 ला करून बघितलं तर आकडे दुप्पट झाले, पण वाढली ती कागदाची दाणेदार जाळी आणि कोपऱ्यावरच्या शिक्क्याची शाई. छोट्या प्रिंटमध्ये जेवढं असतं तेवढंच स्कॅनरला सापडतं. तुमच्याकडे जुन्या फोटोची निगेटिव्ह असेल तर मात्र आधी ती शोधा. निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये प्रिंटपेक्षा खूप जास्त निघतं. आमच्याकडे नव्हती.

मग एका मैत्रिणीने एआयने फोटो मोठा करणारं अ‍ॅप सुचवलं. महिन्याचे 399 रुपये भरले. चार मिनिटांत फोटो चौपट होऊन आला, 3840 बाय 5120. स्क्रीनवर बघून माझे डोळे भरून आले. त्वचा स्वच्छ, पापण्यांचा केस न् केस वेगळा, चष्म्याची दांडी लखलखीत. रविवारी, 8 डिसेंबरला, मी टॅब घेऊन मावशीकडे गेले.

मावशीने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग टॅब माझ्या हातात परत दिला.

"हे दात कुणाचे आहेत गं?"

मला कळेना. ती म्हणाली, "ताईचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. लहानपणी आम्ही त्यावरून तिला चिडवायचो, म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसायची. आणि डोळ्याखालचा तीळ कुठे गेला? बाई छान आहे ही, पण ताई नाही."

मी घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मूळ फोटोत आईचा चेहरा जेमतेम 130 पिक्सेल रुंद होता. त्यात दात म्हणजे चार-पाच पांढुरके ठिपके आणि तीळ म्हणजे एक जरा काळसर. अ‍ॅपने लाखो चेहरे पाहिलेले असतात. अशा ठिपक्यांच्या जागी बहुतेक वेळा काय असतं, ते त्याने भरलं. मागे वर्गाचं दार आणि आत फळा दिसतो. त्यावर अ‍ॅपने खडूच्या अशा रेघा काढल्या होत्या की लांबून अक्षरं वाटावीत, पण जवळून एकही अक्षर लागत नव्हतं. डोंगर, झाडं, भिंती यांना हे चालत असेल. इतक्या लहान चेहऱ्याला नाही, आणि आईच्या चेहऱ्याला तर मुळीच नाही. (वर्गणी त्याच दिवशी बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात.)

मावशीकडून निघताना ती दारात म्हणाली होती, "तो फोटो सरांनी काढला होता. त्यांनाच विचार की."

आठ वर्षं तो फोटो आमच्या ग्रुपवर होता आणि तो काढला कुणी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सर म्हणजे आईबरोबर शिकवणारे सहशिक्षक, आता निवृत्त होऊन वाईत राहतात. फोन केला. म्हणाले, तो मोबाइल कधीच बंद पडला, पण त्यातलं मेमरी कार्ड घरात असेल. 11 तारखेला त्यांच्या मुलाने कार्ड शोधून स्वतःच्या फोनमध्ये घातलं आणि फोटो पाठवला. व्हॉट्सॅपवर. मी डिटेल्स उघडले: 1200 बाय 1600, 231 केबी.

इथे पुष्कळ जण फसतील म्हणून सविस्तर सांगते. व्हॉट्सॅप फोटो पाठवताना पिक्सेल कमी करतं आणि वर जेपीईजीची, म्हणजे फोटो कमी जागेत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीची, दाबणूकही वाढवतं. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देतं. माझ्या पहिल्या प्रिंटवरचे गालावरचे चौकोन तिथून आले होते. एचडी पर्याय निवडला तर नुकसान कमी होतं, पण होतंच. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर जोडणीच्या चिन्हातून "डॉक्युमेंट" निवडून पाठवायला सांगा, किंवा ईमेलने, किंवा ड्राइव्हवरून. सरांचा मुलगा तोवर कामावर मुंबईला परतला होता आणि सरांना हे फोनवर समजावणं मला बरं वाटेना. 250 रुपयांचा कार्ड रीडर घेतला आणि रविवारी, 15 डिसेंबरला, स्वारगेटहून सकाळची एसटी धरली.

सरांनी चष्म्याच्या जुन्या डबीतून कार्ड काढलं. नखाएवढं, कापसात गुंडाळलेलं. लॅपटॉपला लावताना माझे हात थरथरत होते, कारण इतकी वर्षं पडून राहिलेलं कार्ड उघडेलच असं नसतं. उघडलं. एप्रिल 2016 च्या फोल्डरमध्ये 20160430 या तारखेची अकरा छायाचित्रं होती. आधी पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर उतरवला, मग पेनड्राइव्हवर दुसरी प्रत, आणि मगच फोटो उघडला. असं कार्ड मिळालं तर आधी प्रत करा, त्यावर काही हलवू नका, पुसू नका.

3120 बाय 4160. 4.2 एमबी. साध्या 13 मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो.

मी शंभर टक्के मोठा करून बघितला, म्हणजे फोटोचा एक ठिपका स्क्रीनच्या एका ठिपक्यावर. दातावर दात होता. तीळ होता. चष्म्याच्या काचेत व्हरांड्याचे दोन खांब दिसत होते. उजव्या हाताच्या बोटांवर खडूची भुकटी. निरोपाच्या दिवशीही तिने तास घेतला होता. मग दारातून दिसणाऱ्या फळ्याकडे सरकले. व्हॉट्सॅपच्या प्रतीत तिथे पांढरे पुसट डाग होते. इथे आईचं अक्षर होतं, तिरकं न होऊ देता काढलेलं: वार शनिवार. दि. 30/4/2016. पट 34. हजर 34.

सर म्हणाले, "उन्हाळ्यात शेवटच्या दिवशी निम्मी पोरं येत नाहीत. त्या दिवशी सगळी आली होती." आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो निवला.

तोपर्यंत माझ्या डोक्यात फोटो खांद्यापर्यंतच कापायचा होता, कारण शाळेत लागणारे फोटो तसेच असतात. हिशोब केला. खांद्यापर्यंत घेतलं तर रुंदीत 1300 पिक्सेल उरत होते, म्हणजे इंचाला 65. पूर्ण रुंदी ठेवली तर 3120 भागिले 20, इंचाला 156. मला हवा होता तोच आकडा. आणि कापलं असतं तर फळा गेला असता. मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, अर्धाकृतीऐवजी असा चालेल का? ठरावात फक्त माप आणि "छायाचित्र" एवढंच होतं, त्यामुळे हरकत नव्हती. मोबाइलचा फोटो 3 ला 4 या प्रमाणात असतो आणि 20 बाय 24 हे 5 ला 6. म्हणजे काही ना काही कापावंच लागतं. मी खालून 416 पिक्सेल कापले, त्यात फक्त फरशी गेली. हा निर्णय स्वतः घ्या. दुकानावर सोडला तर मशीन मधोमध कापतं आणि कुणाचं डोकं जातं.

पुढचं काम जिंप या मोफत सॉफ्टवेअरवर केलं. फार काही केलं नाही. कामाची प्रत टिफ या दुसऱ्या फाइल-प्रकारात साठवली, साधारण 35 एमबी झाली. मला वाटत होतं टिफ केलं की दर्जा वाढेल. तसं होत नाही. जेपीईजीने एकदा टाकलेलं परत येत नाही. फायदा एवढाच की दहा वेळा उघडून दहा वेळा साठवलं तरी नवं नुकसान होत नाही. जेपीईजी प्रत्येक वेळी बदल करून साठवताना थोडं थोडं झिजतं. सगळं झाल्यावर शेवटी एकदाच, 98 दर्जाला, जेपीईजी बनवलं, कारण लॅबला तेच हवं होतं आणि रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत.

या वेळी दुसरी लॅब निवडली आणि मोठी प्रिंट सांगण्याआधी नमुने काढले. ही युक्ती मला फार उपयोगी पडली. मोठ्या फोटोतला 4 बाय 6 इंचाचा तुकडा त्याच प्रमाणात कापायचा. माझ्या बाबतीत तो 624 बाय 936 पिक्सेलचा होता. तो साध्या 4 बाय 6 च्या कागदावर छापायचा. 20 रुपयांत कळतं की मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा नेमका कसा येणार. मी तीन तुकडे काढले. एक फाइल जशी आहे तशी, एक जिंपमध्ये क्युबिक पद्धतीने (शेजारच्या ठिपक्यांवरून नवे भरत) दुप्पट करून, आणि एक दुप्पट करून वर जरा धार दिलेला. 18 डिसेंबरला तिन्ही भिंतीवर चिकटवले आणि दादाला काही न सांगता निवडायला लावलं. पाच फुटांवरून त्याला फरक कळला नाही. हातभर अंतरावरून त्याने दुसरा निवडला. धार दिलेल्यात चष्म्याच्या कडेला पांढरी किनार आली होती. तिन्ही तुकडे स्क्रीनपेक्षा काळपट आले, म्हणून फाइल थोडी उजळ केली. स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो.

कागद मॅट घेतला, कारण समोरच्या भिंतीलाही खिडकी आहे आणि ग्लॉसीवर तिची चमक पडली असती. फ्लेक्स निम्म्याहून स्वस्त पडला असता, पण मन झालं नाही. काचेऐवजी अ‍ॅक्रेलिक, एसटीच्या प्रवासासाठी. प्रिंटचे 700, फ्रेमचे 1350, बिल शाळेच्या नावे. फ्रेम चारी बाजूंनी पाव इंच खाते, तेव्हा कडेला महत्त्वाचं काही ठेवू नका. 20 तारखेला दिलं, 28 ला मिळालं. या वेळी गुंडाळी नव्हती, पण फ्रेमवरचा कागद काढायला मी घरी येईपर्यंत थांबले. मावशीला बोलावलं होतं. तिने बोटाने दातापाशी नेम धरला, अ‍ॅक्रेलिकला हात न लावता, आणि मान हलवली.

3 जानेवारीला, शुक्रवारी, सकाळी प्रभातफेरी झाली, सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला, मुलींनी भाषणं केली. मग पुस्तकांच्या कपाटावर आईचा फोटो लागला. खिळे आणि हूक आम्हीच नेले होते. रजिस्टरमध्ये नोंद झाली, त्यावर माझी आणि दादाची सही.

माणसं जेवायला बसल्यावर मी पुन्हा त्या खोलीत गेले. दुसरीतली असावी, एक मुलगी बाकावर चढून फोटोला नाक लावून उभी होती. एकेक अक्षर जोडत ती फळा वाचत होती. "ह, ज, र. हजर." मग आकडा. मग मागे वळून मला म्हणाली, "बाई, आज आमच्यात दोघं नाहीत आली."